गुरुवारी प्रेस बंद असते

कुरुळी
गुरुवार, १० ऑगस्ट २०२३

विजूताईंना दिव्याचा नमस्कार.

मंगळवारी तुमचा फोन आला आणि मी तो दोनदा कट केला. राग आला असेल, यायलाच हवा. पण कारण ऐकलंत तर हसाल. माझा फोन आता माझा राहिलेला नाही. तो ज्ञानेशच्या उशाशी असतो, त्यावर प्रेसचा आवाज लावलेला असतो, आणि कुणाचा फोन आला की आवाज बंद पडतो. म्हणून कागद घेऊन बसले. आमच्या चाळीतल्या विमलबाई तुमच्याकडे संत तुकाराम नगरात कँटीनला कामाला येतात, त्यांच्या हाती हे देते. उत्तरही त्यांच्याकडेच द्या.

आता प्रेसचं सांगते. आमच्या खोलीच्या मागच्या भिंतीला लागून एक युनिट आहे, पत्र्याचे पार्ट ठोकून काढणारं. सकाळी सातपासून धाड, धाड, धाड. कपाटातली भांडी हलतात. तुम्हाला ते माहीत नाही, कारण बारसं आपण मुद्दाम गुरुवारी ठेवलं होतं आणि गुरुवारी सगळ्या कंपन्यांना सुट्टी, प्रेस बंद. मला वाटायचं, या धडधडीत लेकरू झोपणार कसं? तर चाळीतली सगळी तान्ही पोरं त्यातच वाढलेली, त्यांना तोच पाळणा. उलट गुरुवारी त्यांचे हाल. आवाज थांबला की त्यांना झोप लागत नाही. विमलबाईंची नात गुरुवारी सकाळपासून जे भोकाड पसरते ते दुसऱ्या दिवशी सातला प्रेस सुरू झाल्यावरच गप्प होते.

म्हणून यांनी युक्ती केली. कंपनीत स्वतःच्या प्रेसजवळ फोन ठेवून चाळीस मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करून आणला. शेवटी त्यात कुणीतरी "गण्या, चहा आला रं!" असं ओरडतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसून हसून पडले. मी तर तो रोजच लावते, मागची प्रेस जेवायला थांबते तेव्हाही. आता सगळ्या बायका गुरुवारी माझ्याकडे फोन मागायला येतात.

आणि आपला ज्ञानेश असा गुणी की त्याला तेही लागत नाही! मागच्या गुरुवारी फोनचं चार्जिंग संपलं, मला तासाभरानं कळलं. चाळभर रडारड, आणि हा पठ्ठ्या गाढ. सगळ्या म्हणाल्या, दिव्या, तू नशीब काढलंस.

तुम्ही बारशानंतर आला नाहीत. एखाद्या गुरुवारी या. हे घरी असतात, आणि गुरुवारी निवांत बोलताही येतं.

तुमची,
दिव्या


संत तुकाराम नगर, पिंपरी
रविवार, १३ ऑगस्ट २०२३

प्रिय दिव्या,

पत्र पोचलं. विमलबाईंनी ते पोळीच्या डब्यातून आणलं, त्यामुळे कोपरा तेलकट झालाय, पण अक्षर लागतंय. फोन कट केल्याचा राग आला होता, लपवत नाही. ज्या गणूला मी गावाकडून उचलून इथे आणलं, आयटीआयला घातलं, त्याचे डबे केले, त्याच्या घरी आता माझा नंबर पोराच्या झोपेच्या मागे लागतो. चालायचंच. आत्याला एवढं तरी सोसायला हवं.

आवाजाला माझा विरोध नाही. वीस वर्षं बालवाडीत पोरं झोपवतेय. दुपारी सतरंजीवर पस्तीस पोरं आडवी असतात आणि आमचा तो म्हातारा पंखा खडखडत असतो. लाइट गेली, पंखा थांबला, की निम्मी उठून बसतात. पोरांना पाठीमागे काहीतरी एकसारखं चालू लागतं, ते खरं आहे. पण ते लांबून यावं. उशाशी फोन ठेवणं चांगलं नाही, कान कोवळे असतात.

आता मला एक सांग. फोन बंद पडला तरी तो झोपूनच राहतो, असं तूच लिहितेस. मग फोन लावतेस कशाला?

एक काम कर. येत्या गुरुवारी, प्रेस बंद असताना, फोनही बंद ठेव. तो जागा असताना त्याच्या पाठीमागे जा, त्याला दिसणार नाहीस अशी उभी राहा, आणि स्टीलचं एक ताट फरशीवर पाड. दचकून रडला तर मला खुशाल शिव्या घाल. का, ते विचारू नकोस. काय झालं ते मात्र नक्की कळव.

गणूला सांग, मोठ्या बहिणीला स्वतःहून फोन करायला बंदी नाही.

विजूताई


कुरुळी
गुरुवार, २४ ऑगस्ट २०२३

ताईंना नमस्कार.

ताट पाडलं. दचकला. रडला. झालं समाधान?

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा कळलं नाही, दुसऱ्यांदा कळलं, तिसऱ्यांदा रडू आलं. माझं पोर शांत झोपतं हे मी आनंदानं लिहिलं आणि तुम्हाला त्यात खोट काढायची होती. सगळी चाळ कौतुक करते आणि सख्खी आत्या म्हणते, मागून जाऊन ताट पाड. हे कुठल्या मनातून येतं ते मला कळतं, ताई. मी लहान आहे, पण कुक्कुलं बाळ नाही.

बारशाच्या दिवशीही मी पाहिलं होतं. बाळाच्या कानात नाव सांगून तुम्ही उठलात, तोंड एवढंसं झालेलं, आणि न जेवता चपला घातल्या. मी सगळ्यांना सांगत बसले, ताईंचं डोकं दुखतंय. माझी आई तेव्हा काय म्हणाली ते मी लिहीत नाही.

बालवाडीत पस्तीस पोरं झोपवणं वेगळं. ती चार वाजता आपापल्या घरी जातात. ज्यांनी स्वतःचं मूल मांडीवर घेऊन एक दिवस काढलेला नाही, त्यांनी आईला शिकवू नये.

लिहून टाकलं. आता खोडत नाही.

दिव्या


संत तुकाराम नगर
रविवार, २७ ऑगस्ट २०२३

दिव्या,

दचकला, हे वाचून बरं वाटलं. किती बरं वाटलं ते तुला सांगता येणार नाही.

चार वाजता पोरं आपापल्या घरी जातात, हे खरं आहे. मी सतरंजी गुंडाळून कुलूप लावते, तेही खरं आहे.

यापुढे मी फोन करून तुमच्या घरातला आवाज बंद पाडणार नाही. ज्ञानेशला जप.

विजयश्री


कुरुळी
गुरुवार, २१ नोव्हेंबर २०२४

विजूताईंना सप्रेम नमस्कार.

सव्वा वर्ष झालं. विमलबाईंकडून तुमची खुशाली कळत होती, तुम्हालाही आमची कळत असेल. मी मागे जे लिहिलं ते लिहायला नको होतं. माफी मागायला मला तोंड नाही, पण काम तुमच्याकडेच आहे, म्हणून लिहिते.

ज्ञानेश एकवीस महिन्यांचा झाला. पळतो, चढतो, डबे उघडतो, भारी हुशार आहे. फक्त बोलत नाही. "आई"सुद्धा नाही. नुसतं घशातून काहीतरी काढतो. अंगणवाडीच्या बाई म्हणाल्या, एव्हाना चार शब्द यायला हवेत. आई म्हणते, मुलगे उशिरा बोलतात. हे म्हणतात, त्याला बोलायची गरजच काय? तेही खोटं नाही. तुम्हाला ठाऊक असेल, प्रेसपुढे उभं राहून बोललेलं एकमेकांना ऐकू येत नाही, म्हणून यांच्या कंपनीत सगळे हातानं बोलतात. पंजा दाखवला की थांब. मूठ तोंडाकडे नेली की चहा. दोन बोटं फिरवली की डाय, म्हणजे प्रेसचा साचा, बदलायचा. हे घरीही तसंच बोलतात आणि इथे धडधडीत मलाही तेच सोपं पडतं. ज्ञानेशला ते सगळं समजतं. पंजा दाखवला की जागच्या जागी थांबतो. मूठ दाखवली की स्वतःची वाटी घेऊन येतो. चाळीतले लोक म्हणतात, प्रेसवाल्याचा पोरगा शोभतो.

पण परवा एक झालं. मागच्या युनिटमध्ये क्रेनवरून पत्र्यांचा गठ्ठा सुटून खाली पडला. असा आवाज झाला की अख्खी चाळ रस्त्यावर आली, मला वाटलं भिंतच गेली. आत धावले तर ज्ञानेश जमिनीवर बसून चमच्याशी खेळत होता. माझ्याकडे पाठ होती त्याची. मी दारात उभी राहिले. हाक मारली नाही. का मारली नाही ते मला सांगता येत नाही. विमलबाई मागून म्हणाल्या, "बया, ह्याला काई वाटलंच न्हाई व्हय गं? लई धीराचं हाय लेकरू." मी हसले.

ताई, लहानपणापासून आवाजात झोपवल्यामुळे त्याला आवाजाचं काही वाटेनासं झालं असेल का? सवयीनं असं होतं का? आवाज बंद केला तर येईल का ठिकाणावर? तुम्ही इतकी मुलं पाहिली आहेत. त्याला तुमच्या बालवाडीत थोडे दिवस बसवाल का? मुलांमध्ये मिसळला की बोलेल. मी स्वतः रोज बसनं घेऊन येईन.

यांना अजून काही बोललेली नाही. तुम्हीही बोलू नका.

तुमची,
दिव्या


संत तुकाराम नगर
रविवार, २४ नोव्हेंबर २०२४

दिव्या,

सवयीनं असं होत नाही. ज्याला आवाजाची सवय असते ते पोर आवाज थांबला की जागं होतं. तुमच्या चाळीतली पोरं गुरुवारी रडतात ती त्यामुळेच. तुझा रडला नाही. हे तू मला पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस, आणि मी ते वाचून हादरले होते, पण नवल वाटलं नव्हतं. नवल का वाटलं नाही, ते आज लिहिते. नंतर तुला जे करायचं ते कर.

बारशाला तू माझं उतरलेलं तोंड पाहिलंस आणि तुला वाटलं, मला मूल नाही म्हणून. तुझ्या आईचं बोलणंही मी ऐकलं होतं. ओट्याशी उभ्या राहून रुक्मिणीबाई कुणाला तरी म्हणत होत्या की आत्या झाली म्हणून हिलाच बसवायचं का पाळण्याशी, हिची स्वतःची ओटी रिकामी. लागलं मला. पण तरी मी बसले, मान माझा होता.

मी पाळण्यात वाकले. त्याच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन "ज्ञानेश" म्हटलं. मग "कुर्रर्र", चांगलं मोठ्यानं. पाठीत बायकांच्या बुक्क्या पडल्या, सगळ्या ओरडल्या, हसल्या. प्रेस बंद होती, दुसरा कसला आवाज नव्हता. त्याचे डोळे उघडे होते, वर टांगलेल्या चिमण्यांकडे लागलेले. त्याची पापणी हलली नाही. मी डाव्या कानाशी पुन्हा म्हटलं. हात नाही हलला, पाय नाही. बारा दिवसांचं पोर कानाशी कुर्रर्र केल्यावर अंगभर दचकतं, दिव्या. माझ्या बालवाडीत अशी दोन पोरं येऊन गेली आहेत. मला त्याच क्षणी कळलं.

आणि मी उठून चपला घातल्या.

सांगितलं असतं तर तिथल्या प्रत्येक बाईनं म्हटलं असतं, वांझेची नजर लागली. ही माझी सबब आहे आणि ती खोटी नाही. पण तेवढंच नव्हतं. त्या वेळी माझ्या मनात आलं, कळू दे यांचं यांना. एवढं लहानसं, घाणेरडं वाक्य. घरी येईपर्यंत मला त्याची लाज वाटायला लागली होती, पण तोवर मी बसमध्ये होते. मग आज सांगू, उद्या सांगू. मग ताट पाड म्हणून लिहिलं, म्हणजे माझं काम तुझ्या हातून व्हावं. तू लिहिलंस, दचकला. मी विश्वास ठेवला. मला ठेवायचा होता.

बालवाडीत बसवून काही होणार नाही. त्याचे कान तपासायला हवेत आणि त्यात आधीच फार दिवस गेले आहेत. बोलणं शिकायचं वय असतं, ते कुणासाठी थांबत नाही. मंगळवारी इकडे घेऊन ये. मी सकाळी सातला जाऊन हॉस्पिटलात नंबर लावते. गणूला सांगावं लागेल. सांग. मला शिव्या देऊ दे त्याला.

विजूताई


कुरुळी
गुरुवार, २० मार्च २०२५

विजूताई,

तुम्ही त्या मंगळवारी हॉस्पिटलच्या दारात दुपारपर्यंत उभ्या होतात, असं विमलबाईंनी सांगितलं. आम्ही आलो नाही, दुसऱ्या हॉस्पिटलात गेलो. तुमचं पत्र आलं तेव्हा हे घरी होते आणि माझ्याआधी त्यांनी ते वाचलं. वाचून झाल्यावर त्यांनी नुसता पंजा दाखवला. थांब. तेव्हापासून या घरात तुमचं नाव निघालेलं नाही.

तपासणीचं सांगते. औषध देऊन पोराला झोपवतात. डोक्याला वायरी चिकटवतात आणि झोपलेल्या पोराच्या कानात आवाज सोडतात, बारीक, मग मोठा, मग आणखी मोठा. कागदावरची रेघ हलते का ते बघतात. रेघ हलली नाही. मी तिथे बसून विचार करत होते की हीच तपासणी मी दोन वर्षं घरी रोज करत होते. झोपलेलं पोर आणि कानाशी प्रेस. फक्त माझ्याकडे तो कागद नव्हता.

पण मला कागदाची गरज नव्हती, ताई. तुम्ही खरं लिहिलंत, मग मीही लिहिते. ताट मी पाडलंच नाही. ताट हातात घेऊन त्याच्या मागे उभी राहिले, बराच वेळ, आणि मग ते पुसून मांडणीत ठेवून दिलं. तो जन्मला त्याच्या तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलात कान तपासले होते. नर्सनं चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, महिन्यानं पुन्हा दाखवा. आई म्हणाली, वॉर्डात कालवा होता म्हणून तसं आलं असेल, बारशाच्या आधी अभद्र बोलू नको. ती चिठ्ठी मी लसीकरणाच्या कार्डाच्या पाकिटात घातली. अजून तिथेच आहे. फोन उशाशी लावायचे तो पोराला झोप यावी म्हणून नव्हे. आवाज चालू असला की तो का वळून बघत नाही, याचं उत्तर माझ्याजवळ तयार असायचं. तुम्ही विचारलं होतं ना, मग फोन लावतेस कशाला? त्यासाठी.

यांना ती चिठ्ठी मी दाखवलेली नाही. यांना वाटतं, सगळ्या जगात एकट्या ताईला ठाऊक होतं आणि ती गप्प बसली. मी ते तसंच राहू दिलं आहे. यांना कुणावर तरी चिडायला हवं होतं. तुम्ही लांब राहता, मला इथे राहायचं आहे. तुम्ही हे पत्र यांना पाठवू शकता. पाठवाल असं वाटत नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास होतो.

ज्ञानेशला दोन्ही कानांमागे मशीन लावली आहे. पुढे ऑपरेशन करायचं का ते सहा महिन्यांनी ठरेल. डॉक्टर म्हणाले, मूल पहिल्या सहा महिन्यांत आणलं असतं तर आज बोलत असतं. आता किती येईल ते सांगता येत नाही. मशीन लावून पहिल्यांदा घरी आणला आणि त्यानं जन्मातला पहिला आवाज ऐकला तो मागच्या प्रेसचा. किंचाळून मशीन उपटून फेकली. रोज तेच चालतं. मशीनला माणूस आणि प्रेस यांतला फरक कळत नाही, सगळं सारखंच मोठं करून आत सोडते. त्या धडधडीत माझी हाक त्याला सापडतच नाही. शिकवणाऱ्या बाई म्हणतात, शांत खोलीत बसून बोला. हे खोल्या बघत फिरतात. कुरुळीत भिंतीपलीकडे यंत्र नाही अशी खोली मिळत नाही.

फोनमधला तो आवाज मी पुसून टाकला. गण्या, चहा आला रं, तेही गेलं.

मागच्या गुरुवारी प्रेस बंद होती. मी त्याला मांडीवर घेतलं, मशीन लावली, आणि कानाजवळ जाऊन "ज्ञानेश" म्हटलं. त्यानं मान वळवली. माझ्या तोंडाकडे बघत राहिला, हे काय म्हणून. मी पुन्हा म्हटलं. बारसं झालं म्हणायचं. तो मान आत्याचा असतो, तुमचा होता, मी घेतला. तुम्हाला बोलावलं नाही, आणि पाठीत बुक्की मारायला कुणी नव्हतं.

मागे मी लिहिलं होतं, एखाद्या गुरुवारी या. आता गुरुवारी येऊ नका, ताई. आठवड्यातून तेवढाच एक दिवस मला त्याच्याशी बोलता येतं.

दिव्या